उत्तर देणारा माणूस

करावे गावात राहायला आल्यापासून माझ्या टपालाची एक गंमत होऊन बसली आहे. दिल्लीहून किंवा बंगळूरहून कुणी पाकीट पाठवले की इंग्रजी स्पेलिंगच्या घोळात करावेचे कर्वे होते, आणि एकदा तर असे एक पाकीट पुण्याच्या कर्वेनगरात फिरून पंधरा दिवसांनी माझ्या हाती पडले. नेरूळ-सीवूड्सच्या कडेचे, खाडीला लागून असलेले हे आगरी-कोळ्यांचे जुने गाव. सिडकोचे नगर त्याच्या चहूबाजूंनी उभे राहिले, भातशेती आणि मिठागरांचा मुलूख बघता बघता इमारतींचा झाला. तरीही गावदेवीची जत्रा आणि खाडीतली मासळी टिकून आहे. थंडीत रोहित पक्षी येतात, तेव्हा शहरातली मंडळी कॅमेरे घेऊन इकडे वळतात. एरवी आमच्या गावाची दखल फारसे कुणी घेत नाही.

कर्वेनगर किंवा मुंबईतला महर्षी कर्वे रोड म्हटले की आठवतात ते धोंडो केशव. मला मात्र दर वेळी त्यांच्या थोरल्या मुलाची आठवण येते. त्याचे कारण माझ्या पेशात आहे. गेली वीसहून अधिक वर्षे मी मानवी हक्कांच्या संशोधनाचे काम करते, आणि त्यातला मोठा भाग समलिंगी व तृतीयपंथी माणसांच्या तक्रारी नोंदवण्यात गेला आहे. या कामात आपले पूर्वज कोण, असा प्रश्न तरुण कार्यकर्ते विचारतात तेव्हा बहुतेकांच्या तोंडी न्यूयॉर्क, लंडन, बर्लिन ही नावे येतात. मी त्यांना गिरगावाकडे आणि मुंबईच्या न्यायालयाकडे बोट दाखवते. तिथे १९३४ साली एक गणिताचा माजी प्राध्यापक आरोपी म्हणून उभा होता आणि त्याचे वकीलपत्र घेतले होते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. आरोपीचे नाव रघुनाथ धोंडो कर्वे. गुन्हा एवढाच, की वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी उत्तरे दिली.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी गावातल्या एक मावशी माझ्या दारात आल्या आणि हा सगळा इतिहास माझ्यासाठी पुन्हा ताजा झाला. बाजारात मासळीचा वाटा लावणाऱ्या या बाई मला बाय म्हणतात, पैसे कमी पडले तर उद्या दे म्हणतात. त्या दिवशी पाटी खाली ठेवूनही त्यांना बराच वेळ बोलता येईना. त्यांच्या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या मोबाइलवर कुणीतरी काहीतरी पाहिले होते. घरात रडारड झाली होती. आधी त्याला भगताकडे नेले, मग एका डॉक्टरकडे, आणि त्या डॉक्टरने गोळ्या लिहून दिल्या. मी कोर्टकचेरीची कामे करते असे त्यांनी ऐकले होते, पण त्यांना कायदा नको होता. त्यांना एवढेच विचारायचे होते, की यावर औषध आहे का.

हाच प्रश्न नव्वद वर्षांपूर्वी पोस्टाने रघुनाथरावांकडे येत होता.

रघुनाथ कर्व्यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी दापोली तालुक्यातल्या मुरुडचा. आई राधाबाई १८९१ मध्ये वारल्या. दोन वर्षांनी वडिलांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेली ही मुलगी पुढे आनंदीबाई, म्हणजे सर्वांच्या बाया झाली. मुरुडकरांनी या विवाहाबद्दल कर्वे कुटुंबाला वाळीत टाकले. रघुनाथ तेव्हा अकरा वर्षांचा होता. समाज एखाद्या घराकडे पाठ फिरवतो म्हणजे काय करतो, हे या मुलाने पुस्तकात वाचले नव्हते, स्वतः पाहिले होते. पुढच्या आयुष्यात लोकनिंदेची त्याला जी बेफिकिरी वाटली तिचे मूळ इथे असावे, असे मला वाटते.

बुद्धी असामान्य होती. १८९९च्या मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले. फर्ग्युसनमधून पदवी घेतली, गणिताचे अध्यापक झाले आणि १९१९ मध्ये गणिताच्याच उच्च अभ्यासासाठी पॅरिसला गेले. फ्रेंच त्यांना उत्तम येत असे. त्या भाषेतले ललित आणि वैचारिक साहित्य त्यांनी मराठीत आणले. गंमत अशी, की त्याच सुमारास, १९२० मध्ये, खुद्द फ्रान्सने संततिनियमनाच्या प्रचारावर बंदी घालणारा कायदा केला. महायुद्धात माणसे मेली होती आणि सरकारला लोकसंख्या वाढवायची होती. प्रगत म्हणवणारा देशही बाईच्या शरीराचा हिशेब स्वतःच्या सोयीने मांडतो, हे त्यातून दिसत होते.

मुंबईत परतल्यावर १९२१ मध्ये कर्व्यांनी संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंचे केंद्र निघाले तेही त्याच वर्षी. म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती. फरक होता तो प्रतिसादात. विल्सन कॉलेजात ते गणित शिकवत होते. मिशनऱ्यांच्या त्या संस्थेला हे काम पसंत नव्हते. नोकरी की प्रचार, असा पेच उभा राहिला आणि १९२५ मध्ये कर्व्यांनी नोकरी सोडली. संसार पुढे चालला तो मुख्यतः पत्नी मालतीबाईंच्या कमाईवर. मूल न होऊ देण्याचा निर्णय दोघांनी मिळून घेतला होता, आणि त्यासाठी शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी स्वतःवर करून घेतली होती. हा निर्णय त्या काळच्या नवऱ्याने घ्यावा आणि त्याची शस्त्रक्रियाही स्वतःवर करून घ्यावी, ही गोष्ट आजच्या कुटुंबनियोजनाच्या आकड्यांकडे पाहिले तरी नवलाचीच वाटते. चरित्रकार नवऱ्याच्या त्यागाबद्दल भरभरून लिहितात. मालतीबाईंनी काय सोसले याचा हिशेब मात्र मराठीने अजून नीट मांडलेला नाही.

१५ जुलै १९२७ रोजी 'समाजस्वास्थ्य' मासिकाचा पहिला अंक निघाला. लेखक, संपादक, मुद्रिते तपासणारा, अंक पोस्टात टाकणारा, सगळे एकच गृहस्थ. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे आणि त्यावरून गदारोळ होई. मासिकाचा खप मोठा कधीच नव्हता, पण ते वाचले जाई ते कपाटाच्या मागे, उशीखाली, आणि हातोहात. आत गुप्तरोगांची माहिती, संततिनियमनाची साधने, विवाहसंस्थेची चिकित्सा, धर्मग्रंथांची उलटतपासणी अशी सामग्री असे. आणि असे वाचकांच्या पत्रांना उत्तरे देणारे सदर.

हे सदर म्हणजे माझ्या दृष्टीने कर्व्यांच्या कामाचा गाभा. तुमच्या-आमच्या घरात जे प्रश्न आजही तोंडातून फुटत नाहीत ते लोक त्यांना लिहून पाठवत. हस्तमैथुनाने वीर्यनाश होऊन माणूस खंगतो का, बायकोला सुख का मिळत नाही, मला स्त्रीऐवजी पुरुषाचीच ओढ का वाटते. अशा माणसाला तेव्हा दोनच वाटा होत्या, वैदू किंवा बुवा. कर्व्यांनी तिसरी काढली. ते छापील उत्तर देत. ते उत्तर कोरडे, थोडके आणि शास्त्राला धरून असे. गणिताच्या मास्तराने फळ्यावर उदाहरण सोडवावे तसे. त्यात पाप हा शब्द नसे आणि नाटकी सहानुभूतीही नसे.

समलिंगी आकर्षणाविषयी त्यांच्या हाताशी होते ते त्या काळचे युरोपातले संशोधन. हॅवलॉक एलिस या इंग्रज अभ्यासकाने १८९७ मध्येच या विषयावर इंग्रजीत ग्रंथ छापला होता आणि त्यावरही खटला झाला होता. बर्लिनमध्ये डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड यांनी १९१९ मध्ये लैंगिक विज्ञानाची संस्था काढली होती. १९३१ मध्ये ते हिंदुस्थानात येऊन गेले. मुंबईतही त्यांची व्याख्याने झाली. दोनच वर्षांत, मे १९३३ मध्ये, नाझींनी ती संस्था लुटली आणि तिची पुस्तके चौकात जाळली. म्हणजे ज्या सुमारास बर्लिनमध्ये हे ज्ञान जळत होते त्याच सुमारास मुंबईत एक मराठी गृहस्थ ते पोस्टाने लोकांच्या घरी पोचवत होता. या योगायोगाकडे आपल्या इतिहासकारांनी जेवढे लक्ष द्यायला हवे होते तेवढे दिलेले नाही.

पहिला खटला १९३१ मध्ये व्यभिचारावरच्या लेखाबद्दल झाला आणि शंभर रुपये दंड बसला. दुसरा १९३४ चा, आणि तो याच प्रश्नोत्तरांवरून. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न व त्यांची उत्तरे अश्लील आहेत, असा आरोप होता. या वेळी आरोपीच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. गोलमेज परिषदा आणि पुणे करार मागे पडले होते, येवल्याची घोषणा व्हायला दीड वर्ष बाकी होते. देशभरच्या दलितांची जबाबदारी ज्याच्या शिरावर, आणि ज्याच्यावर चिखलफेक करायला विरोधक टपून बसलेले, अशा नेत्याने असल्या बदनाम विषयाचा खटला घेऊन काय मिळवायचे होते? व्यवहारी माणसाने तो घेतला नसता.

बाबासाहेबांचा युक्तिवाद मी प्रशिक्षणवर्गांत अनेकदा समजावून सांगितला आहे आणि दर वेळी वर्ग गप्प होतो. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. मासिक लैंगिक प्रश्नांनाच वाहिलेले आहे. वाचक त्याच विषयावर विचारणार, आणि संपादकाला उत्तर देण्याची मनाई करायची तर मासिकच बंद करावे लागेल. लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते आपोआप अश्लील ठरत नाही. प्रश्न विकृत आहेत असे न्यायालयाला वाटत असेल, तर विकृती जाण्याचा मार्ग ज्ञान हाच आहे, गप्प बसल्याने ती जाणार कशी? आणि याच्याही पुढे जाऊन त्यांनी एलिससारख्यांच्या संशोधनाचा आधार घेतला. कुणाची ओढ उपजतच तशी असेल तर त्यात गैर काही नाही, आणि आपल्याला ज्यात आनंद आहे तो मिळवण्याचा त्या माणसाला हक्क आहे, अशी मांडणी त्यांनी केली.

हक्क हा शब्द इथे आला, हे लक्षात घ्या. दया नव्हे, उपचार नव्हे, हक्क. जगातल्या बहुतेक देशांत तेव्हा वकील अशा अशिलासाठी फार तर आजाराची सबब पुढे करत. फ्रॉइडने एका अमेरिकन आईला तिच्या मुलाबद्दल धीराचे पत्र लिहिले ते पुढच्या वर्षी, १९३५ मध्ये.

खटला हरला. त्या काळी अश्लीलतेची कसोटी होती ती १८६८ सालच्या हिकलिन खटल्यातली. ज्याचे मन अशा गोष्टींनी बिघडू शकते अशाच्या हाती मजकूर पडला तर काय होईल, एवढेच न्यायालयाने पाहायचे. लेखकाचा हेतू काय, शास्त्र काय म्हणते, याला तिथे फारसे मोल नव्हते. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. घरचे उत्पन्न बेताचे असताना ही रक्कम लहान नव्हती. पुढच्या महिन्यांत मात्र अंक निघतच राहिला आणि उत्तरेही चालू राहिली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाला ती हिकलिन कसोटी पूर्णपणे बाजूला ठेवायला २०१४ साल उजाडले. १९३८ मध्ये आंबेडकरांच्या पक्षाच्या वतीने मुंबईच्या कायदेमंडळात संततिनियमनाचा ठराव आला, तोही फेटाळला गेला. दोघांच्याही वाट्याला त्या सभागृहांत पराभवच आले.

कर्वे १४ ऑक्टोबर १९५३ रोजी वारले. मासिक त्यांच्याबरोबरच संपले. सव्वीस वर्षांत त्यातून पैसा मिळाला नाही, मान मिळाला नाही, आणि शिष्यपरंपरा म्हणावी तर शकुंतला परांजपे यांच्यासारखी मोजकीच नावे. वडील त्यांच्यानंतर नऊ वर्षे जगले. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. महाराष्ट्राने बापाच्या सुधारणा पचवल्या, कारण त्या विधवेच्या अश्रूंबद्दल होत्या. मुलाच्या सुधारणा सुखाबद्दल होत्या, म्हणून त्या घशाखाली उतरल्या नाहीत. पुढे य. दि. फडके यांनी चरित्र लिहिले, अनंत देशमुखांनी जुन्या अंकांतून निवडक लेखन खंडांत आणले. अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' २००१ मध्ये आला, आणि अजित दळवी यांचे 'समाजस्वास्थ्य' हे नाटक अतुल पेठे यांनी २०१७ मध्ये रंगमंचावर आणले. तेवढ्यामुळे नाव तरी राहिले.

अर्थात कर्व्यांना आजच्या चळवळीचा झेंडा देऊन मोकळे होणे मला मान्य नाही. त्यांचे मुख्य काम संततिनियमनाचे होते. समलिंगी माणसांची संघटना बांधणे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते. संततिनियमनाच्या त्या काळच्या जागतिक चळवळीत सुप्रजननाच्या नावाखाली जे विचार फिरत होते ते आज कुणी डोळे मिटून स्वीकारू नयेत. पण त्यांनी एक पायंडा पाडला. विचारणाऱ्याचा प्रश्न खरा मानायचा, त्याची लाज काढायची नाही, आणि त्या घडीला उपलब्ध असलेले उत्तमातले उत्तम ज्ञान त्याला त्याच्या भाषेत द्यायचे. मानवी हक्कांच्या कामाची सुरुवात इथूनच होते. निवेदने, याचिका, अहवाल हे सगळे नंतरचे.

माझ्या स्वतःच्या अनुभवातून हे मी शिकले. कामाला लागले तेव्हा एका वरिष्ठांनी मला बजावले होते, की पोलीस कोठडीतले मृत्यू आणि उपासमार हे हक्कांचे प्रश्न आहेत, हा विषय चैनीचा आहे. मी दोन वर्षे तो बाजूला ठेवला. त्या दोन वर्षांत ठाण्यातला एक तरुण माझ्याकडे दोनदा आला. कलम ३७७ची धमकी देऊन त्याच्याकडून पैसे उकळले जात होते. मी त्याचे म्हणणे लिहून घेतले नाही. तिसऱ्यांदा तो आला नाही. त्याचे पुढे काय झाले हे मला कळले नाही, आणि ती न लिहिलेली नोंद माझ्या सगळ्या अहवालांच्या आधीचे पान म्हणून माझ्याजवळ आहे.

१८६०च्या दंडसंहितेतले ते कलम जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगत होते. त्याला पहिले आव्हान १९९४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दिले गेले. त्याच वर्षी मुंबईत हमसफर ट्रस्ट सुरू झाला. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले, ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा गुन्हा ठरवले, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमताने ती चूक दुरुस्त केली. २०१४च्या नालसा निकालाने तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क दिला होता. विवाहाची मागणी मात्र १७ ऑक्टोबर २०२३ रोजी न्यायालयाने नाकारली. १९३४ मध्ये बाबासाहेबांनी उच्चारलेला आनंदाचा हक्क अजून अर्ध्या वाटेवर आहे.

त्या संध्याकाळी मी मावशींना यातले बहुतेक काही सांगितले नाही. मी फक्त प्रश्नाचे उत्तर दिले. औषध नाही, कारण हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता रोगांच्या यादीतून काढली. गोळ्या देऊन कुणाची ओढ बदलण्याचा प्रयत्न करणे हे आता डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवले आहे, राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये तसे कळवले आहे. त्या गोळ्या कशाच्या आहेत ते दुसऱ्या चांगल्या डॉक्टरला दाखवा, परस्पर बंद करू नका. मुलाला मारू नका, एकटे ठेवू नका, कॉलेज सोडवू नका. त्याचे लग्न लावून दुसऱ्या मुलीचे आयुष्य अडकवू नका. पोलिसांची भीती आता नाही, कुणी धमकावले तर माझ्याकडे या.

मावशी ऐकत होत्या. पटले असे त्या म्हणाल्या नाहीत. पाटी उचलून निघून गेल्या आणि तीन आठवडे बाजारात माझ्याशी धड बोलल्याही नाहीत. मी समजले, उत्तर आवडले नाही. मग एका सकाळी त्या पुन्हा आल्या. गोळ्या दुसऱ्या डॉक्टरने हळूहळू कमी करायला सांगितल्या होत्या. पोरगा पुन्हा जेवू लागला होता. आता त्यांचा प्रश्न वेगळा होता. मुलाच्या बापाला हे सांगावे की नाही, आणि सांगायचे तर कोणत्या शब्दांत.

याचे उत्तर कुठल्याही निकालात नाही. आम्ही दोघी चहा घेत बराच वेळ त्या शब्दांचाच विचार करत बसलो. आगरी बोलीत कसे सांगितले तर घरातला माणूस ऐकून घेईल, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होते. मी एखादा शब्द सुचवायचा, त्यांनी मान हलवून तो नाकारायचा, असे चालले होते. गावाचे नाव करावे, आणि इथल्या एका बाईला काय करावे ते विचारायचे धैर्य झाले होते. गिरगावातल्या त्या गृहस्थाला पत्र लिहिणाऱ्या माणसांनीही कधीतरी असाच धीर गोळा केला असेल.